डोरीनच्या नावाचा चेक

"आणखी एक पिरोगी घे गं. एकच. माझ्यासाठी," असं म्हणत बर्नडीनमावशीने डोरीनच्या ताटात तीन वाढल्या आणि वर लोण्यात परतलेला कांदा ओतला.

डोरीनने तोंड उघडलं होतं ते बोलायला. पण तिचं तोंड उघडलेलं दिसलं की त्यात घास घालायचा, ही या गावाची जुनी सवय. शेजारी बसलेल्या शेरिलने काट्याने पिरोगी तोडली, फुंकर घातली आणि भरवली. त्या उकडलेल्या करंजीतलं गरम बटाट्याचं सारण चावून, गिळून, श्वास जुळवून पहिला शब्द ओठांवर येईतो बर्नडीनमावशी चार टेबलं पुढे गेली होती.

"गेली," डोरीन म्हणाली.

"जाणारच. तिच्या पायाला चाकं आहेत," शेरिल म्हणाली. "तुझ्याहून बरी दिसतायत."

एरवी डोरीन हसली असती. आज तिला हसू येईना. तिचा उजवा पाय विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीच्या पायपट्टीवर ठकठक आपटत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. मन ठिकाणावर नसलं की तो पाय असा सुटायचा. तिला जन्मापासून हा आजार. हात, पाय, जीभ यांपैकी कोणीच तिचं पहिल्या हाकेला ऐकत नसे. डोकं तेवढं लख्ख होतं, पण ते बाहेरून कोणाला दिसतं?

फायर हॉल माणसांनी नुसता फुलला होता. भिंतीपलीकडे गावच्याच पुरुषांनी चालवायचे लाल बंब उभे, अलीकडे लांबच लांब टेबलं, त्यांवर कोबी-शेवया, सॉसेज आणि घरोघरच्या बायकांनी भाजून आणलेल्या बिस्किटांचे डोंगर. नदीकाठचा पोलादाचा कारखाना बंद पडून जमाना झाला, निम्मं गाव पिट्सबर्गच्या वाटेला लागलं, पण कोणाचं घर जळालं, कोणाला कॅन्सर झाला की उरलेलं गाव या हॉलमध्ये जेवायला जमायचं आणि जेवणाचे पैसे त्या माणसाला द्यायचं. आजचं जेवण डोरीनसाठी होतं. दारावर फलक होता: "डोरीनला व्हॅन!" खुर्चीसकट आत चढता येईल अशी व्हॅन. गेले दोन महिने पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, दारूच्या दुकानात डोरीनचा फोटो चिकटवलेल्या बरण्या होत्या. फोटो ती नऊ वर्षांची असतानाचा. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या फोटोपुढे सुटे पैसे कोण टाकतो?

हे सगळं डोरीनला मान्य होतं. फोटोसुद्धा. पण मघाशी स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं आणि तिला भट्टीशेजारी टेकवून ठेवलेला तो चेक दिसला. दाराएवढा, पुठ्ठ्याचा. फोटोसाठी असा भलामोठा चेक करायचा, ही इथली हौस. खरा चेक खजिनदार यूजीनच्या खिशात, पाकिटात. पुठ्ठ्यावर जे नाव तेच त्यावर. आणि पुठ्ठ्यावर चंदेरी चमकीने लिहिलेलं होतं: डोरीन हुडाक.

दुसरं काही नाही. नुसतं डोरीन हुडाक.

तेव्हापासून तो पाय आपटत होता.

तिच्या जागी दुसरी कोणी असती तर हरखून गेली असती. पण डोरीनला सरकारकडून दरमहा जे मिळायचं, आणि त्याच्या जोडीला डॉक्टर, औषधं, खुर्चीची दुरुस्ती नि सकाळ-संध्याकाळ येणारी शेरिल, त्या सगळ्याला एक अट होती. तिच्या नावावर दोन हजार डॉलरच्या वर काही असता कामा नये. वर गेलं की बाई श्रीमंत झाली, मदत बंद! म्हणून ख्रिसमसला, वाढदिवसाला चार पैसे साठले की तिची आई अ‍ॅग्नेस महिनाअखेरीला तिला खुर्चीसकट दुकानात न्यायची आणि काहीबाही घेऊन यायची. बहुतेक टॉवेल. टॉवेल कधी वाया जात नाहीत, असं अ‍ॅग्नेसचं म्हणणं. डोरीनच्या कपाटात आजही टॉवेलांच्या चळती होत्या, कित्येकांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

एवढी सावध बाई. पण मरताना चुकली. आपल्या विम्यावर तिने गुपचूप डोरीनचं नाव घातलं. आपल्यामागे पोरीची सोय व्हावी म्हणून! विम्याचे सहा हजार डोरीनच्या खात्यात आले आणि दोन महिन्यांत सगळं बंद पडलं. मदत गेली, सकाळी उठवायला येणारी बाई गेली, आणि डोरीनला टेकडीवरच्या आजारी-अपंगांच्या होममध्ये नेऊन ठेवलं. तिथे घंटी वाजवली तरी कोणी येत नसे. संध्याकाळी ऊन असतानाच जेवण, ऊन असतानाच अंथरूण. अर्ज-विनंत्या होऊन बाहेर पडायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षाची डोरीनला इतकी भीती बसली होती, की टेकडीकडे जाणारा रस्ता दिसला तरी ती मान फिरवायची.

आईचं घर तेवढं भावाच्या, लेनीच्या नावावर होतं. "अर्धं डोरीनचं, पण कागदावर तुझं," असं अ‍ॅग्नेसने लेनीला बजावलेलं. लेनीने घर विकलं, पैसे बायकोबरोबरच्या खात्यात ठेवले, आणि पुढच्याच वर्षी पॅटीने घटस्फोट घेतला. कोर्टाने डोरीनचा वाटा वगैरे कुठे बघितला? होतं त्याचे दोन भाग केले. वकिलांचं भागवून लेनीच्या हाती उरलं ते लाज वाटावी इतकं. म्हणजे आपल्या नावावर ठेवलं तर सरकार, भावाच्या नावावर ठेवलं तर पॅटी!

मग नवा कायदा आला. अपंगांसाठी वेगळं बचत खातं, राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गच्या सरकारी खजिन्यात. त्यातलं दोन हजारांत धरत नाहीत, वाढलेल्या पैशावर कर नाही. अट इतकीच, की खर्च त्या माणसाच्या स्वतःच्या गरजांसाठी व्हावा. डोरीनने ते खातं कोणाला न विचारता, आपल्या एका चालत्या बोटाने कॉम्प्युटरवर उघडलं होतं. दर महिन्याला त्यात थोडे टाकायची आणि आकडा वाढलाय का म्हणून सारखी बघायची. जन्मात पहिल्यांदा काहीतरी वाढत होतं आणि त्याची भीती नव्हती. आजचा चेक थेट त्या खात्याच्या नावे हवा होता. एवढंच सांगायचं होतं, एक वाक्य. आणि भाड्याने आलेली अपंगांची गाडी पाचला परत न्यायला येणार होती, ती कोणासाठी थांबत नसे.

"शेरिल," डोरीन म्हणाली, "तू... सांग तिला."

"मी?" शेरिलने रुमालाने तिची हनुवटी टिपली. "बाई गं, तुझ्या पैशाबद्दल मी ब्र जरी काढला ना, तर उद्या एजन्सी मला घरी बसवील. तुझं तोंड पुसायचे पैसे मिळतात मला. तुझ्या तोंडून बोलायचे नाहीत."

नियम होता आणि शेरिलला दोन मुलं होती. डोरीनने खुर्चीची दांडी ढकलली आणि गर्दीतून लेनीकडे निघाली.

लेनी दारापाशी सोडतीची तिकिटं विकत होता. पाच डॉलरला हातभर तिकिटं, असा हिशेब. हात लेनीचा, म्हणून लोक त्याच्याकडेच यायचे. त्याच्या एका हातात दुसऱ्याचे दीड हात बसत. बहिणीला बघून त्याने तिकिटांचं भेंडोळं खाली ठेवलं.

"काय झालं? पाय का आपटतोय तुझा?"

"चेकवर... कोणतं नाव... सांगितलंस?"

लेनीचे कान लाल झाले. त्याला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेला की कानच सांगायचे.

"हे बघ, ते तू लिहून दिलेलं हॅरिसबर्गचं लांबलचक नाव मला धड वाचताही येईना. म्हणून मी म्हटलं, चेक माझ्या नावे करा, मग मी टाकतो हळूहळू तुझ्या खात्यात."

"पुन्हा... तुझ्या नावे?"

"या खेपेला पॅटी नाहीये ना!"

"दुसरी... येईल."

लेनी हसला, पण ते त्याला लागलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "बर्नीमावशीने ऐकलं कुठे? सगळ्या बायकांसमोर मला म्हणते, तुझ्या नावे? मागे दिलं होतं ना तुझ्या नावे, काय दिवे लावलेस? आता पोरीचं पोरीच्याच नावावर. मी काय बोलणार? गुमान निघून आलो."

"आणि मला... सांगितलं नाहीस."

"सांगणार होतो."

डोरीनला त्याचा असा राग आला की तिचा हात खुर्चीच्या हातावरून सुटून हवेत गेला. लेनीने तो पकडला आणि नीट जागेवर ठेवला, लहानपणापासून ठेवत आला तसा. मग रागवायचं तरी कसं? डोरीनवरच्या प्रेमापोटी बर्नडीनमावशीने भावाचा अपमान केला होता आणि त्याच प्रेमापोटी आता बहिणीला पुन्हा टेकडीवर पाठवणार होती. डोरीनने खुर्ची वळवली.

खुर्चीला बांधलेल्या टॅबलेटवर तिने एका बोटाने टाइप केलं. त्याचा आवाज या गोंगाटात कोण ऐकणार, म्हणून मोठ्या अक्षरांत. वेळ लागला. तेवढ्यात तीन जणांनी येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकाने मांडीवर केकचा तुकडा ठेवला. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात तिने बर्नडीनमावशीला गाठलं. फाटकासारखी आडवी लावली खुर्ची.

"मावशी. वाच."

चौऱ्याहत्तर वर्षांची बर्नडीन, महिला मंडळाची अध्यक्ष, एका हातात कॉफीची किटली आणि दुसऱ्या हातात डाव. तिने टॅबलेटकडे पाहिलं, चष्मा गळ्यातच लटकत होता. अक्षरं काही तिला दिसली नाहीत; तिला दिसला तो डोरीनचा घामाने डबडबलेला चेहरा. आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं, एवढं कशाला लिहीत बसलीस! आभार कसले मानतेस आमचे? नको, आत्ता नको वाचायला लावू. मी आत्ता रडले तर कॉफी कोण वाढणार? रात्री वाचीन घरी, निवांत." आणि वाकून तिने डोरीनच्या कपाळाचा मुका घेतला नि बाजूच्या फटीतून निसटली.

डोरीनला ओरडावंसं वाटलं. ओरडली असती तरी लोक म्हणाले असते, बिचारी किती खूश झालीय!

मग दिवे उजळले आणि बर्नडीनमावशी माइक घेऊन उभी राहिली. दोन तरुण फायरमननी तो पुठ्ठ्याचा चेक आणला. लोकांनी टाळ्या-शिट्ट्यांनी छप्पर उचलून धरलं. डोरीनची खुर्ची कोणीतरी पुढे ढकलली. तिला न विचारता.

"ही आपली डोरीन!" बर्नडीनमावशी म्हणाली. "हिची आई अ‍ॅग्नेस आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. जाताना माझा हात धरून म्हणाली होती, बर्नी, पोरीकडे लक्ष ठेव. अ‍ॅग्नेस, ऐकतेस ना? अकरा हजारांच्या वर जमलेत! आणि सगळे हिच्या नावावर. दुसऱ्या कोणाच्या नाही!" हे म्हणताना तिने दाराकडे, लेनीकडे असा कटाक्ष टाकला की सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. लेनी तिकिटांचं भेंडोळं उगाच गुंडाळत राहिला.

यूजीन खिशातलं पाकीट काढून पुढे आला. जाडजूड, भला माणूस. ते पाकीट तो तिच्या मांडीवर ठेवणार होता. मांडीवर आलं की घेतलं, घेतलं की तिचं, तिचं झालं की दोन हजारांच्या वर. साप्ताहिकाचा फोटोवाला कॅमेरा सरसावून उभाच, म्हणजे पुरावाही तयार.

बर्नडीनमावशीने माइक डोरीनच्या तोंडाशी धरला. "बोल राणी. नुसतं थँक्यू म्हण."

डोरीनने श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली.

तिच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडणारे शब्द मोजकेच होते, त्यांतला हा एक. माइकमधून तो थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"नाही म्हणजे?" बर्नडीनमावशी म्हणाली. "अगं, तुझ्यासाठी..."

"नाही... मला... नको... असं..."

पुढचं वाक्य तिने जुळवत आणलं होतं. पुढचाच शब्द "खातं" होता. आणि नेमका छपरावरचा भोंगा वाजला.

मोठा आवाज झाला की डोरीनचं सगळं अंग उडायचं; ती खुर्चीत ताडकन ताठ झाली, डोकं मागे आपटलं. भोंगा वर चढत गेला. माणसं ताटं टाकून उठली, खुर्च्या पडल्या, पुठ्ठ्याचा चेक भिंतीला टेकवून दोघे फायरमन पळाले. मोठा बंब चालवायचा यूजीन. त्याने पाकीट पुन्हा खिशात कोंबलं आणि तोही धावला. बघता बघता निम्मा हॉल रिकामा झाला. बंब बाहेर पडले, आवाज लांब गेला, आणि मागे राहिल्या बायका, म्हातारे, गुडघ्यामुळे फायरमन होता न आलेला लेनी आणि हवेत लटकलेलं ते "मला नको".

"नको म्हणाली?" कोणीतरी मागे पुटपुटलं. "मी तीन दिवस बिस्किटं भाजत होते!"

बर्नडीनमावशी मटकन खुर्चीवर बसली. माइक बंद करून तिने मांडीवर ठेवला. वाढायला कोणी नव्हतं, हाकायला कोणी नव्हतं. सबंध दिवसात पहिल्यांदा ती एका जागी बसली होती आणि डोरीनच्या डोळ्यांसमोर होती.

"काय चुकलं आमचं?" तिने विचारलं. "सांग. मी ऐकते."

"पूर्ण... ऐक. मध्ये... बोलू नको."

"नाही बोलत."

आणि डोरीन बोलली. वाक्य अर्धवट राहायचं, श्वास संपायचा, मान वळायची, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दोनदा बर्नडीनमावशीचे ओठ हलले, पुढचा शब्द आपणच द्यावा म्हणून. दोन्ही वेळा शेरिलने नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि ते नियमात बसत होतं.

"माझ्या नावे... आलं तर... सगळं बंद. शेरिल बंद. मी परत... टेकडीवर."

"टेकडीवर कशाला? मी जिवंत आहे ना! आणि लेनी काय पुन्हा तुला तिथे टाकणार आहे की काय?"

"लेनीने... नव्हतं टाकलं."

बर्नडीनमावशीने लेनीकडे पाहिलं. दर रविवारी अक्रोड भरलेल्या गोड पावाची गुंडाळी घेऊन ती त्या होममध्ये जायची. आणि दर रविवारी परत येताना चर्चच्या पायरीवर लेनीला चार शब्द सुनवायची. लेनी एकदाही उलटून बोलला नव्हता.

"डोरीन, जाऊ दे ना," लेनी म्हणाला. "कशाला काढतेस ते?"

"आईने... विमा... माझ्या नावावर केला. तू आज... केलंस तसाच. प्रेमाने. सहा हजार आले. म्हणून मी... तिथे गेले." डोरीनने दम घेतला. "मावशी, आई... चुकली होती. लेनीने कोणाला सांगितलं नाही. आईला... नाव ठेवतील म्हणून."

बर्नडीनमावशी लेनीकडे बघत राहिली आणि लेनी भिंतीकडे.

"इतकी वर्षं मी तुला शिव्या घातल्या, गाढवा," शेवटी ती म्हणाली. "तोंड नव्हतं तुला?"

"तुमच्यापुढे कोणाला असतं?" लेनी म्हणाला.

बर्नडीनमावशीने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि पुन्हा बर्नडीनमावशी झाली. "बरं. मग कोणाच्या नावे लिहायचा?"

डोरीनने सांगितलं. राज्याच्या खजिन्याचं ते बचत खातं. खाली, डोरीन हुडाकसाठी.

"हॅरिसबर्गला?" बाई ताडकन उठली. "आमच्या पिरोग्यांचे पैसे हॅरिसबर्गला? अगं, कारखाना बंद पडला तेव्हा ते हॅरिसबर्गवाले फोटो काढून गेले, परत तोंड दाखवलं नाही! आणि मेल्यावर ते सगळं सरकार गिळतं म्हणे."

"मेल्यावर... मी काय... करू त्याचं?"

यावर शेरिलला हसू फुटलं. मग बर्नडीनलाही.

"खातं माझं. नुसतं... ठेवलेलं तिथे. मी सांगेन... तेव्हा निघेल. मीच."

"म्हणजे व्हॅनच्या वेळी काढशील."

इथे नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. डोरीनला ते कळत होतं. दारावर फलक व्हॅनचा होता, बरण्यांवर चिठ्ठी व्हॅनची होती. तिचा पाय पुन्हा आपटायला लागला.

"व्हॅन... नंतर," ती म्हणाली. "पहिली... मोरी. खुर्ची आत जाईल अशी. वरून पाणी... पडेल अशी. घरमालक... हो म्हणालाय."

"मोरी?"

"आई होती... टबात घालायची. नंतर तिची पाठ गेली. तेव्हापासून... ओल्या फडक्याने पुसतात." डोरीन थांबली. "टॉवेल ढीगभर आहेत, मावशी. आंघोळ... नाही."

मागे बिस्किटवाली बाई रडायला लागली. बर्नडीनमावशी रडली नाही. अ‍ॅग्नेसबरोबर ती कितीदा ते टॉवेल आणायला गेली होती, रंग निवडून द्यायला. तिने खाली वाकून डोरीनचा आपटणारा पाय दोन्ही हातांत धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू... घास घालत होतीस."

बाहेर हॉर्न वाजला. अपंगांची गाडी आली होती. ड्रायव्हर दारात डोकावला आणि घड्याळ दाखवून म्हणाला की पाच मिनिटं थांबेन, पुढे नाही, पुढची बाई डायलिसिसवरून न्यायची आहे. यूजीन नव्हता, चेकबुक त्याच्याकडे, सही त्याची. आज नाही तर सोमवारी, कोणीतरी म्हणालं. पण डोरीनला सोमवारवर भरवसा नव्हता. आपण गेल्यावर पाच शहाणे एकत्र बसतात आणि आपलं काय करायचं ते ठरवतात, हे तिने जन्मभर पाहिलं होतं.

बर्नडीनमावशी एप्रनसकट बाहेर गेली आणि गाडीच्या नाकासमोर उभी राहिली. "हं," ती ड्रायव्हरला म्हणाली, "आता जाऊन दाखव."

देवाची दया, म्हाताऱ्यांच्या इमारतीत कोणाचा पाव करपला होता, इतकंच. बंब लवकर परत आले. यूजीन खाली उतरतो न उतरतो तो बर्नडीनमावशीने त्याच्याकडून पाकीट काढून घेतलं, सगळ्यांदेखत त्या चेकचे चार तुकडे केले आणि म्हणाली, "दुसरा लिही. नाव ही सांगेल. आणि मध्ये बोलायचं नाही."

बंबाच्या पुढच्या पत्र्यावर चेकबुक टेकवून यूजीन उभा राहिला. डोरीन एक-एक शब्द सांगत होती, यूजीन एक-एक शब्द लिहीत होता. नाव ओळीत मावेना, खाली उतरलं. सगळं गाव थंडीत कुडकुडत बघत होतं. काहींना कळलं, काहींना नाही. दोघं-तिघं तोंड वाकडं करून आपापल्या गाड्यांकडे गेले, त्यांना व्हॅन हवी होती. डोरीनने त्यांना जाताना पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. पण पाय शांत होता.

"हा तेवढा भट्टीत घालते," बर्नडीनमावशी पुठ्ठ्याचा चेक ओढत आणत म्हणाली. "नसती ब्याद."

"नाही," डोरीन म्हणाली. दिवसात दुसऱ्यांदा, तितकंच स्पष्ट. "तो... मला हवाय."

"अगं, काय करायचंय त्याचं? खोटा आहे तो!"

"म्हणून तर. माझ्या नावावर... तेवढा राहू दे. तो कोणी... मोजणार नाही."

पण तो गाडीत शिरेना. आडवा नाही, उभा नाही, तिरका नाही. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, मोडा नाहीतर सोडा. तेव्हा इतका वेळ मागे उभा असलेला लेनी पुढे आला, त्याने कोट बंद केला आणि तो पुठ्ठा उचलला.

"मी आणतो चालत. तू हो पुढे."

गाडी वळून मुख्य रस्त्याला लागली. शेरिलने खुर्चीचे पट्टे तपासले आणि डोरीनचं डोकं खिडकीकडे वळवून दिलं. नदीवरून मार्चचा बोचरा वारा सुटला होता. बंद दुकानांच्या पुढून लेनी गुडघा सांभाळत चालला होता, दोन्ही हात पसरून तो पुठ्ठा छातीशी धरलेला. वारा त्याला मागे रेटत होता, पण त्याने पुठ्ठा फिरवला नाही. डोरीन हुडाक हे नाव त्याने रस्त्याच्या बाजूला धरलं होतं.